ग्लायडिंगच्या स्पर्धा: लांब कोण गेला, की लवकर कोण आला?

आभाळवाट
नमस्कार मंडळी. इथे विमानवेडे बरेच आहेत हे ठाऊक आहे, पण बिनइंजिनाच्या विमानांवर धागा दिसला नाही, म्हणून काढते आहे.

मी दक्षिण जर्मनीत, श्वेबिश आल्बच्या पठारावरच्या एका क्लबात ग्लायडिंग शिकते. माझा हा दुसरा हंगाम. यंदा आमच्या मैदानावर स्पर्धा होती आणि मी दहा दिवस मदतनीस होते. सकाळी ट्रेलरमधून पंख ओढून काढायचे, धडाला जोडायचे, सांध्यांवर टेप मारायची, पंखांत पाणी भरायचं आणि ग्लायडर ढकलत रांगेत नेऊन उभं करायचं. दहा दिवसांत खांदे भरून आले, पण फार मजा आली.

पाचव्या दिवशी सकाळी साडेदहालाच कापसाच्या गोळ्यांसारखे ढग लागले. हंगामातून दोनचारदाच मिळावं असं आकाश. टास्क, म्हणजे त्या दिवशी उडायची ठरलेली वाट, 340 किमीचा दिला. साडेबारापर्यंत सगळे हवेत होते. स्टार्ट लाइन उघडली (प्रत्येकाचा वेळ त्याने ती ओलांडल्यापासून मोजतात), आणि कुणी निघेचना! चाळीस ग्लायडर दोन थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, घिरट्या घालत बसले, एकावर एक, मोहोळ उठल्यासारखे. आधी निघेल त्याला वाटेतले थर्मल स्वतः शोधावे लागतात, मागून येणाऱ्याला पुढे घिरट्या घालणारे पंख आयतेच दिसतात. म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याने निघायची वाट बघतो. पावणेदोनला पहिला हलला. साडेपाचच्या आसपास बहुतेक सगळे घरी. आणि ढग साडेसातपर्यंत तसेच होते! मी धावपट्टीकडेच्या गवतात बसून ते बघत होते आणि जीव हळहळत होता. इतकं आकाश वाया गेलं.

माझं स्पष्ट मत: वेगाच्या टास्कने स्पर्धा आक्रसली आहे. पूर्वीसारखे अंतराचे टास्क परत आणा. सकाळी हवा उचलू लागली की निघा, संध्याकाळी संपेपर्यंत उडा, जो सर्वांत लांब गेला तो जिंकला. तुम्हाला काय वाटतं?

चिंचोका
आधी एक बाळबोध प्रश्न. इंजिन नाही तर शर्यत कशी लावतात? वारा नेईल तिकडे जायचं ना?

आभाळवाट
@चिंचोका, नाही नाही, हवं तिकडे जाता येतं. ग्लायडर सतत खालीच येत असतं, पण फार हळू. बऱ्या ग्लायडरला 1 किमी उंची दिली तर ते शांत हवेत 40 किमी पुढे जातं. उन्हाने तापलेली जमीन हवा तापवते आणि ती गरम हवा खांबासारखी वर चढते, तो थर्मल. त्यात घिरट्या घालून उंची कमवायची आणि पुढे सरळ जाताना ती खर्च करायची. घार हेच करते. वेगाच्या टास्कमध्ये ठरलेल्या टर्न पॉइंटना वळसा घालून परत यायचं, कमीत कमी वेळात. वळसा घातला की नाही हे लॉगरमधल्या जीपीएस नोंदीवरून कळतं.

गणितीगोटी
धागा आवडला, पण मूळ मुद्दा मला मान्य नाही. वेग आणि अंतर हे दोन वेगळे खेळ नाहीतच. आकडे मांडतो.

समजा दोन थर्मलमध्ये 30 किमी अंतर आहे. सावकाश वैमानिक ताशी 110 ने जातो, त्याचं ग्लायडर सेकंदाला 0.9 मीटर उतरतं. घाईवाला ताशी 150 ने जातो, त्याचं 1.8 मीटर उतरतं. सावकाशला लागली 16 मिनिटं 22 सेकंद आणि त्याने गमावले 884 मीटर. घाईवाल्याला 12 मिनिटं, पण गमावले 1296 मीटर. आता ती उंची परत कमवायची आहे. थर्मल सेकंदाला 3 मीटर देत असेल तर सावकाशचा एकूण वेळ 21 मिनिटं 17 सेकंद, घाईवाल्याचा 19 मिनिटं 12 सेकंद. घाईवाला जिंकला. पण थर्मल 1 मीटरचाच असेल तर सावकाश 31 मिनिटं 6 सेकंद, घाईवाला 33 मिनिटं 36 सेकंद. डाव उलटला.

पुढचा थर्मल किती जोराचा मिळेल यावरून मधला वेग ठरवायचा, ही पॉल मॅकक्रेडींची रीत. व्हेरिओवर, म्हणजे चढउतार दाखवणाऱ्या घड्याळावर, फिरती कडी बसवून ती त्यांनी वैमानिकांच्या हाती दिली. ते 1956 मध्ये फ्रान्सला सँ-याँ इथे जगज्जेते झाले. माणसाच्या पायांच्या ताकदीवर उडणारं गॉसामर काँडोर बनवून 1977 मध्ये क्रेमर पारितोषिक जिंकणारे मॅकक्रेडी ते हेच.

तर मुद्दा असा की दिवसाचे तास मोजके असतात. थर्मल दहा-अकराला सुरू होतात आणि संध्याकाळी मावळतात. तेवढ्यात जो वेगात जाईल तोच लांब जाईल. मग अंतर मोजा की वेग मोजा, नंबर तेच येणार.

कसोटीप्रेमी
गोटीशेठ, म्हणजे वीस षटकांत जास्त धावा करणाराच कसोटीतही जिंकणार? चौथ्या दिवशीची खेळपट्टी कुणी खेळायची?

आभाळवाट
@कसोटीप्रेमी, अगदी! माझ्या मनातलं बोललात. गोटी, तुमचं गणित बरोबर आहे, पण तुमच्याच उदाहरणात 1 मीटरचा थर्मल आला की डाव उलटतो, आणि तो थर्मल सकाळी नाहीतर संध्याकाळी येतो. वेगाच्या टास्कमध्ये दुपारचा मलईचा भाग निवडून तेवढाच उडायचा, सकाळच्या त्या अर्धवट, तुटक थर्मलशी गाठच पडत नाही. साडेदहाला 600 मीटर उंचीवर ढगाचा नुसता धागा दिसतोय, त्याच्या भरवशावर मैदान सोडायचं की नाही, हे ज्याला कळतं त्याची परीक्षा कुठे होते?

हडपसरकर
आभाळवाट, तुमचा धागा वाचून पन्नास वर्षं मागे गेलो. मी सत्तरच्या दशकात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला शिकलो. विंचने, म्हणजे जमिनीवरच्या केबल गुंडाळणाऱ्या यंत्राने, वर ओढायचे. केबल सुटली की हजारेक फूट उंची हातात, तेवढ्यात थर्मल सापडला तर ठीक, नाहीतर चार-पाच मिनिटांत परत जमिनीवर. मार्च-एप्रिलच्या उन्हात आम्ही आधी घारी शोधायचो. घार पंख न हलवता फिरताना दिसली की तिच्या खाली जायचं. ती कधी फसवत नसे.

अंतराचं म्हणाल तर हा खेळ वाढलाच अंतरावर. 1920 पासून जर्मनीत वासरकुपेच्या डोंगरावर स्पर्धा सुरू झाल्या तेव्हा डोंगरकडेला तरंगत राहणं हेच अप्रूप होतं. 1929 मध्ये रॉबर्ट क्रोनफेल्डने ट्यूटोबर्गर वाल्डच्या डोंगररांगेवरून 100 किमीचा टप्पा गाठला. पुढे सहाच वर्षांत, 1935 च्या ऱ्होन स्पर्धेत, चौघे जण एकाच दिवशी वासरकुपेहून निघून चेकोस्लोव्हाकियात ब्रनोला उतरले, 504 किमी! 1964 मध्ये अमेरिकेत अल पार्करने टेक्सासमधल्या ओडेसाहून नेब्रास्कातल्या किंबलपर्यंत 1042 किमी केले, हजाराची वेस पहिल्यांदा ओलांडली गेली. आणि 25 एप्रिल 1972 ला हान्स-वेर्नर ग्रोसं जर्मनीतल्या ल्यूबेकहून निघाला तो फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला बियारित्झला उतरला. 1460.8 किमी. बाल्टिकच्या काठावरून अटलांटिकच्या काठावर. नकाशा काढून बोट फिरवून बघा एकदा.

आमच्या पिढीला ही नावं पाठ होती. ताशी अमुक वेगाने कोण परतला हे कुणाला आठवतं? कोण कुठे उतरला ते आठवतं. माझं मत आभाळवाटच्या बाजूने.

कऱ्हाडची_सून
काका, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते, ग्रोसं बियारित्झला उतरला, पण त्याचं ग्लायडर परत कुणी आणलं? :) हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून मी विचारते.

आम्ही ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियात राहतो. अहो उडतात, मी ट्रेलर ओढते. बारा वर्षं झाली. एकदा ते टास्कवरून परतताना थर्मल संपले म्हणून एका शेतात उतरले. फोन आला साडेसहाला, मी पोचले साडेनऊला, 210 किमी. शेताला तीन फाटकं, तिन्हीला कुलूप, मालक गावाला गेलेला. शेजारच्या आजोबांना उठवलं, त्यांच्याकडे किल्ल्या होत्या. मग अंधारात डोक्याला टॉर्च बांधून पंख सोडवायचे. पंखाच्या मुळाशी एक जाड खिळ असते, ती निघाल्याशिवाय पंख सुटत नाही, आणि पंखाचं टोक धरणाऱ्याने ते नेमक्या उंचीवर धरलं नाही तर ती निघत नाही. मी टोक धरून उभी, अहो आत वाकलेले, "वर, थोडं वर, नाही, खाली," आणि पायाशी मुंग्यांचं वारूळ. हललेदेखील नाही मी. घरी आलो पहाटे दोनला.

हे एका ग्लायडरचं. सरळ अंतराच्या टास्कमध्ये प्रत्येक जण दूर कुठेतरी उतरणारच, तोच तर नियम! चाळीस ग्लायडर म्हणजे चाळीस ट्रेलर रात्रभर रस्त्यावर, झोपाळलेले चालक, आणि दुसऱ्या दिवशी ब्रीफिंगला जांभया. मग एक दिवस विश्रांतीचा द्यावा लागतो आणि नेमकं त्याच दिवशी आकाश सुंदर असतं. शिवाय 40 वेळा अनोळखी शेतात उतरायचं म्हणजे कुठेतरी तार, कुठेतरी चर, कुठेतरी मोडलेलं चाक आलंच. वेगाचे बंद टास्क आले, सगळे संध्याकाळी घरी येऊ लागले, ते उगाच नाही.

आभाळवाट
कऱ्हाडच्या ताई, हे वाचून अंगावर काटा आला. वारुळावर उभं राहून पंख धरणं! तुमचा मुद्दा शंभर टक्के पटला. सरळ दूर जाणारा टास्क नको. पण लांब जायचं आणि घरी परतही यायचं, असं जमवता येईल ना?

कसोटीप्रेमी
ताई, तुमच्यासाठी सामनावीर पुरस्कार.

गणितीगोटी
परत यायच्या अटीसह अंतर हा प्रकार जुनाच आहे. ब्रिटनमध्ये साठच्या दशकात अडचण अशी होती की सरळ जावं तर समुद्र आडवा येतो. म्हणून त्यांनी ठरावीक टर्न पॉइंट दिले आणि सांगितलं, हव्या त्या क्रमाने यांच्यामध्ये येरझारा घाला, एकूण अंतर मोजू. पोरी बोटांत दोरा गुंफून खेळतात तशी ती नकाशावरची जाळी दिसते आणि नावही त्या खेळाचंच.

आणि आता एक गंमत. आजच्या स्पर्धांमध्ये एरिया टास्क असतो, तो मला तरी अंतराचाच टास्क वाटतो, फक्त निकाल वेगात लिहितात. टर्न पॉइंटऐवजी मोठाली वर्तुळं देतात, वर्तुळात किती खोल जायचं ते तुमच्यावर. पण किमान वेळ ठरलेला, समजा 3 तास. तुम्ही 275 किमी उडून 2 तास 45 मिनिटांत आलात, तर तुमचा खरा वेग 100, पण भागायचं 3 नेच, हाती आले 91.7. म्हणजे लवकर येण्यात नुकसान. म्हणून सगळे 3 तासांच्या किंचित पुढे येतात. सर्वांचा वेळ जवळजवळ सारखा, मग जिंकणार कोण? जास्त लांब गेलेला. आभाळवाट, तुम्हाला हवं ते तुमच्याच मैदानावर चालू आहे!

आभाळवाट
एरिया टास्क मलाही आवडतो, त्यात घोळके फुटतात, कारण प्रत्येकाची वाट वेगळी. पण तास तीनच. ते कोणते तीन हे प्रत्येक जण निवडणार, आणि ते दुपारचेच निवडणार. माझी तक्रार जिथल्या तिथे.

चिंचोका
जो परत पोचलाच नाही, वाटेत उतरला, त्याला शून्य?

गणितीगोटी
@चिंचोका, नाही, त्याला अंतराचे गुण मिळतात. दिवसाचे जास्तीत जास्त 1000 गुण. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत बरीच वर्षं चाललेल्या सूत्रात वेगाचा वाटा फार तर दोन-तृतीयांश, आणि तोही बऱ्या वेगाने पुरे करणारे किती त्या प्रमाणात. अर्धेच पोचले तर वेगाचा वाटा उरतो एक-तृतीयांश. कुणीच पोचलं नाही तर सगळा निकाल अंतरावर. म्हणजे हवा पडली की स्पर्धा आपोआप हडपसरकर काकांच्या काळात जाते.

कसोटीप्रेमी
म्हणजे पाऊस आला की डकवर्थ-लुईस.

कामशेतचा_वारा
उशिरा आलो. मी पॅराग्लायडिंगवाला, पंख कापडाचा, पण दुखणं तेच. आमच्याकडेही आधी खुलं अंतर होतं, मग गोलपर्यंतची, म्हणजे ठरलेल्या शेवटच्या ठिकाणापर्यंतची, शर्यत आली आणि लोक स्टार्टजवळ लोंबकळत बसू लागले. आमच्यात त्यावर आघाडीचे गुण काढले. जो पुढे राहून वाट शोधतो, त्याला शेवटी कुणी गाठलं तरी पुढे राहिल्याचे गुण मिळतातच. 2015 मध्ये हिमाचलात बीर-बिलिंगला पॅराग्लायडिंग वर्ल्ड कप झाला, तेव्हा मी बघायला गेलो होतो. धौलाधारच्या कडेने पुढचे चारपाच जण खरोखर जीव तोडून पुढे काढतात आणि मागचे त्यांच्यावर डोळा ठेवून. गुण मिळाले नसते तर कशाला कुणी पुढे गेलं असतं?

ग्लायडरवाल्यांनी हेच करावं. स्टार्टचा प्रश्न गुणांनी सोडवा, टास्क बदलायची गरज नाही.

हडपसरकर
कामशेतचा_वारा, उत्तम सूचना. आणि कामशेतचं नाव काढलंत म्हणून विचारतो, तिथल्या घारी अजून तशाच येतात का पंखाशेजारी? मला एकदा एकीने यवतपर्यंत नेलं होतं. सिल्व्हर बॅजसाठी 50 किमी करायचे होते, दौंड गाठायचं ठरवून निघालो. उरुळीच्या पुढे एकही ढग नाही, व्हेरिओ खालीच. तेवढ्यात उजव्या पंखाच्या टोकाशी घार आली, मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं आणि वळली. मीही वळलो. चारशे मीटर चढवलं तिने. तरी दौंड राहिलंच, यवतजवळ ज्वारीच्या कापलेल्या शेतात उतरलो. ऊस सगळीकडे उभा, तेवढंच एक मोकळं होतं. मळ्यातल्या बाईंनी आधी पाणी दिलं, मग पिठलं-भाकरी, आणि मग विचारलं, "दादा, आलात कुठून?" हा क्रम मी विसरलो नाही.

कामशेतचा_वारा
काका, येतात! फेब्रुवारीपासून रोज. आणि हो, उतरल्यावर भाकरी अजूनही मिळते.

कऱ्हाडची_सून
ज्वारीचं शेत नि पिठलं... आमच्याकडे कुलूप नि मुंग्या. नशीब एकेकाचं.

मंडळी, सुरुवातीलाच सगळ्यांना एकदम सोडायचं, नौकाशर्यतीसारखं, आणि पहिला येईल तो पहिला, असाही प्रकार आहे. ग्रां प्री म्हणतात. त्याची पहिली जागतिक फेरी 2005 मध्ये फ्रान्सला सँ-ओबाँ इथे झाली. त्यात वाट बघत बसण्याचा प्रश्नच नाही. बघायलाही मजा येते, कारण कोण पुढे ते बघणाऱ्याला कळतं.

गणितीगोटी
आणि ज्यांना दिवसभराचं अंतर हवंय त्यांच्यासाठी ऑनलाइन स्पर्धा आहेतच. 2000 पासून वैमानिक आपापल्या मैदानावरून उडतात, लॉगरची फाइल चढवतात, अंतराला गुण मिळतात. ग्लायडरच्या कुवतीप्रमाणे इंडेक्सने भागतात, म्हणजे जुन्या लाकडी ग्लायडरवाल्यालाही संधी. बहुतेक जण घरीच परत येतात, ट्रेलर हलतही नाही. क्लाउस ओलमनने जानेवारी 2003 मध्ये अर्जेंटिनात अँडीजच्या लाटेवर, म्हणजे डोंगर ओलांडताना वाऱ्यात उठणाऱ्या लाटेवर, 3009 किमी केले ते याच वेडाने. अंतर मेलेलं नाही, त्याने घर बदललंय.

आभाळवाट
गोटी, हे सगळं खरं. मीही फाइली चढवते, 62 किमी माझं आजवरचं सर्वांत मोठं, आणि त्याचा मला फार अभिमान आहे. पण ऑनलाइनमध्ये माझं आकाश वेगळं, आल्प्समधल्याचं वेगळं. त्याच्याकडे हवा चांगली होती की तो चांगला उडाला, कसं कळणार? स्पर्धेची खरी गोडी त्यातच आहे की सगळ्यांना तेच आकाश मिळालं, त्याच सकाळी, त्याच मैदानावरून. मला हे दोन्ही एकत्र हवंय: एकच आकाश आणि पूर्ण दिवस.

कसोटीप्रेमी
मग घ्या की तुमच्या क्लबात. कुणाची परवानगी लागते?

हडपसरकर
खरंच. राष्ट्रीय स्पर्धेचे नियम बदलायला दहा वर्षं जातील. क्लबातला एक दिवस मागा.

आभाळवाट
मंडळी, नऊ दिवसांनी परत आले, कारण सांगण्यासारखं आहे!

शुक्रवारी क्लबच्या बैठकीत विषय मांडला. तुमच्या सगळ्यांच्या प्रतिसादांतून नियम जुळवले आणि एका कागदावर लिहून नेले. सकाळी हवं तेव्हा निघा. दिलेल्या बारा टर्न पॉइंटमध्ये हव्या त्या क्रमाने फिरा, मात्र एकच पट्टा पुन्हा पुन्हा घासायचा नाही. सूर्यास्ताच्या एक तास आधी घरच्या मैदानावर उतरलंच पाहिजे. अंतराला ग्लायडरच्या इंडेक्सने भागायचं. बाहेर उतरलात तर तिथवरचं अंतर मिळेल, पण त्यातले 20 टक्के कापले जातील. ही शेवटची अट खास कऱ्हाडच्या ताईंसाठी.

आमचे ज्येष्ठ प्रशिक्षक बराच वेळ कागद बघत होते. ते वेगाच्या टास्कवर वाढलेले, मला वाटलं आता नाही म्हणतात. त्यांनी एकच विचारलं, "आठ तास बसायचं तर पाणी, जेवण आणि लघवीची सोय, हे कोण शिकवणार या पोरांना?" मी म्हटलं, तुम्ही. ते हो म्हणाले. मे महिन्यातला एक शनिवार-रविवार ठरलाय, दोनपैकी ज्या दिवशी हवा चांगली तो घ्यायचा.

गणितीगोटी
20 टक्के थोडे जास्त वाटतात. शेवटच्या थर्मलसाठी कुणी धोका पत्करणारच नाही, मग संध्याकाळच्या परीक्षेचं काय? 10 करून बघा. आणि निकालाची फाइल मला पाठवा. त्याच दिवसाचे दुपारचे तीन तास वेगळे काढून वेगाचे नंबर लावतो आणि तुमच्या अंतराच्या नंबरांशी ताडतो. मी म्हटलं होतं नंबर तेच येणार. चुकलो तर इथेच लिहीन.

आभाळवाट
ठरलं! 10 टक्क्यांचं पुढच्या बैठकीत मांडते. फाइली नक्की पाठवते, सगळ्यांच्या संमतीने.

कऱ्हाडची_सून
नियम छान झालेत, मनापासून अभिनंदन. फक्त एक ऐक. घरी परत यायची अट असली तरी दोघेतिघे बाहेर उतरणारच. त्या दिवशी सकाळीच प्रत्येक ट्रेलर गाडीला जोडून ठेवायचा, दिवे लागतात का बघायचे, आणि टायरमधली हवा. हिवाळाभर उभ्या ट्रेलरचा टायर रात्री अकराला महामार्गावर बसतो, हे मी स्वतः भोगलंय.

आभाळवाट
ताई, आत्ताच मैदानावर जाऊन आले. आमच्या क्लबचे सहा ट्रेलर आहेत. दोघांच्या डाव्या चाकात हवा अर्धीच होती आणि एकाचा मागचा दिवा लागतच नाही. पंप उद्या नेते.